नव्वद दिवसांचे आश्वासन

नव्वद दिवसांचे आश्वासन : पाकिस्तानात ५ जुलै १९७७ रोजी सत्ता ताब्यात घेताना लष्करप्रमुख जनरल मुहम्मद झिया-उल-हक यांनी लवकरच सार्वत्रिक निवडणुका घेऊन सत्ता लोकप्रतिनिधींच्या हाती देण्याचे जे वचन दिले, त्याचे रूढ नाव. राष्ट्रीय सभेची (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची) निवडणूक प्रत्यक्षात २५ फेब्रुवारी १९८५ रोजी, म्हणजे २,७९२ दिवसांनी झाली आणि तीही राजकीय पक्षांना वगळून. त्यामुळे पाकिस्तानी राजकारणात ‘नव्वद दिवस’ हे शब्द मुदतीपेक्षा तिच्यावरील अविश्वासाचेच निदर्शक ठरले.

सत्तांतराआधीच्या घटना थोडक्यात अशा : ७ मार्च १९७७ च्या निवडणुकीत झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पीपल्स पार्टीला २०० पैकी १५५ जागा मिळाल्याचे जाहीर झाले. नऊ पक्षांच्या पाकिस्तान राष्ट्रीय आघाडीने गैरप्रकारांचा आरोप करून प्रांतिक निवडणुकांवर बहिष्कार टाकला व आंदोलन पेटले. उभयपक्षी समझोता दृष्टिपथात असतानाच लष्कराने हस्तक्षेप केला. या कारवाईचे सांकेतिक नाव ‘ऑपरेशन फेअर प्ले’ असे होते.

नव्वद हा आकडा कोठून आला, याबद्दल एकवाक्यता नाही. ५ जुलैच्या भाषणाच्या प्रचलित इंग्रजी पाठात भर ‘या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये’ या शब्दांवर आहे. आपण या वेळापत्रकापासून ढळणार नाही, अशी ग्वाहीही त्यात आहे. हिशेब केला तर ५ जुलैपासून नव्वदावा दिवस ३ ऑक्टोबर येतो. मतदानासाठी ठरलेली तारीख मात्र १८ ऑक्टोबर, म्हणजे एकशे पाचवा दिवस होती. काही लेखक आकड्याला भाषणातील ‘तीन महिन्यांचे’ ढोबळ रूप मानतात. १९७३ च्या संविधानातील २२४ वा अनुच्छेद सभागृह विसर्जित झाल्यापासून नव्वद दिवसांत निवडणूक घेण्यास सांगतो, त्याच्याशी आकड्याचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. झियांनी संविधान रद्द न करता स्थगित ठेवले होते आणि आपली कारवाई त्याच चौकटीच्या शक्य तितकी जवळ दाखवणे त्यांना सोयीचे होते. फरक एवढाच, की संविधानातील मुदत बंधनकारक असते. भाषणातील मुदत भाषण करणाऱ्याच्या मर्जीवर असते.

पहिली तहकुबी १ ऑक्टोबर १९७७ रोजी जाहीर झाली. दिलेले कारण ‘एहतसाब’, म्हणजे आधीच्या राज्यकर्त्यांचा हिशेब-झडती, हे होते. ‘आधी हिशेब, मग निवडणूक’ ही घोषणा तेव्हापासूनची. तहकुबीचे खरे कारण कोणते, यावर दोन मते आहेत. जुलैमधला हेतू प्रामाणिक होता, पण २८ जुलैला सुटका झाल्यानंतर भुट्टोंच्या सभांना लोटलेली गर्दी पाहून सेनानी बिथरले, हे एक मत. तत्कालीन अधिकाऱ्यांच्या आठवणींचा कल त्याकडे आहे. दीर्घ मुक्काम पहिल्यापासूनच योजलेला होता, हे दुसरे. भुट्टोंना ३ सप्टेंबरला अटक, १३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाकडून जामीन आणि १७ सप्टेंबरला लष्करी कायद्याखाली पुन्हा अटक, हा क्रम पहिल्या मताला अधिक पूरक दिसतो. आघाडीतील वली खान यांच्यासारख्या नेत्यांनीही आधी हिशेबाची मागणी केली होती. तहकुबी हे एकट्या लष्कराचे काम नव्हते, हे पुढे सोयीस्करपणे विसरले गेले.

तहकुबीला कायद्याचा आधार मिळाला तो भुट्टोंच्या पत्नीने त्यांच्या अटकेविरुद्ध केलेल्या बेगम नुसरत भुट्टो खटल्यात (१० नोव्हेंबर १९७७). अर्ज दाखल करून घेणारे सरन्यायाधीश याकूब अली यांना सप्टेंबरमध्येच पदावरून जावे लागले होते व अन्वरुल हक त्यांच्या जागी आले होते. सर्वोच्च न्यायालयाने आवश्यकतेच्या सिद्धांताखाली (एरवी बेकायदा ठरणारी कृती निकडीमुळे क्षम्य मानणारे तत्त्व) सत्तांतर ग्राह्य धरले आणि प्रमुख लष्करी कायदा प्रशासक या नात्याने झियांना संविधानदुरुस्तीचा अधिकारही दिला. कारणमीमांसेत न्यायालयाने झियांच्या ‘पवित्र वचनाचा’ स्पष्ट उल्लेख केला आणि संविधानापासूनची फारकत शक्य तितकी अल्पकालीन असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली; तारीख मात्र घातली नाही. निकालातला कच्चा दुवा तो हाच. १२ मे २००० च्या जफर अली शाह खटल्यात जनरल परवेझ मुशर्रफ यांना त्यांनी सत्ता घेतली त्या १२ ऑक्टोबर १९९९ पासून तीन वर्षांची मुदत आखून दिली गेली आणि निवडणूक १० ऑक्टोबर २००२ ला, मुदतीच्या दोन दिवस आत, झाली. संविधानदुरुस्तीचा अधिकार तेव्हाही दिला गेला होता, तेव्हा केवळ तारीख असणे पुरेसे नसते हेही खरे. (१९७७ मध्ये ॲटर्नी जनरल असलेले शरीफुद्दीन पीरजादा मुशर्रफांचेही कायदेशीर सल्लागार होते. ते मूळचे बऱ्हाणपूरचे, कायद्याचे शिक्षण मुंबईत.)

लोकांचा अविश्वास पक्का झाला तो पहिल्या नव्हे, दुसऱ्या तहकुबीने. २३ मार्च १९७९ रोजी झियांनी १७ नोव्हेंबर ही नवी तारीख दिली. ४ एप्रिलला भुट्टोंना फाशी झाली. ऑगस्टमध्ये पक्षविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी, जमाखर्चाचा तपशील आणि पक्षांतर्गत निवडणुका सक्तीच्या झाल्या. पीपल्स पार्टीने नोंदणी नाकारली. सप्टेंबरमध्ये पक्षविरहित स्थानिक निवडणुका झाल्या, त्यांत ‘अवाम दोस्त’ या नावाने उभे राहिलेले त्याच पक्षाचे लोक मोठ्या संख्येने निवडून आले. मग १६ ऑक्टोबरला निवडणूक बेमुदत पुढे गेली, पक्ष बरखास्त झाले आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. आता हिशेब-झडतीची सबब उरली नव्हती, कारण जिच्यासाठी ती होती ती व्यक्तीच हयात नव्हती. प्रमुख लष्करी कायदा प्रशासक या पदाच्या ‘सीएमएलए’ या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘कॅन्सल माय लास्ट अनाउन्समेंट’ (माझी मागची घोषणा रद्द समजा) असा विस्तार त्या काळी लोकप्रिय होता.

प्रत्येक तहकुबीने असा अविश्वास येतोच असे नाही. आधीचे लष्करी राज्यकर्ते याह्या खान यांनी ५ ऑक्टोबर १९७० ची निवडणूक पूर्व पाकिस्तानातील पुरामुळे ७ डिसेंबरवर नेली आणि चक्रीवादळग्रस्त भागातील काही जागांचे मतदान १७ जानेवारी १९७१ ला घेतले. कारण डोळ्यांना दिसणारे होते, पुढची तारीख लगेच मिळाली आणि ती पाळली गेली. त्या वेळी विश्वासघात झाला तो मतदानानंतर, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुढे ढकलून.

१९७९ नंतर निवडणुकीऐवजी तिचे पर्याय पुढे आले. डिसेंबर १९८१ मध्ये नामनियुक्त मजलिस-ए-शूरा जाहीर झाली. तिला सल्ला देता येई, कायदा अडवता येत नसे. १२ ऑगस्ट १९८३ रोजी मार्च १९८५ पर्यंत निवडणुका घेण्याचा आराखडा आला. लोकशाही पुनःस्थापना आंदोलन या विरोधी पक्षांच्या आघाडीने त्यावर विश्वास न ठेवता दोनच दिवसांनी चळवळ सुरू केली, ती सिंधमध्ये सर्वाधिक तीव्र झाली. १९ डिसेंबर १९८४ च्या सार्वमतात प्रश्नाची रचनाच मासलेवाईक होती : कायदे कुराण व सुन्ना (पैगंबरांची आचारपरंपरा) यांच्याशी सुसंगत करण्याची प्रक्रिया, पाकिस्तानची विचारसरणी आणि लोकप्रतिनिधींकडे सत्तेचे सुरळीत हस्तांतर, हे सारे एकाच ‘हो’मध्ये गुंफलेले, आणि ‘हो’ याचा अर्थ झिया पाच वर्षे अध्यक्ष. अधिकृत आकडे ६२ टक्के मतदान व त्यात सुमारे ९८ टक्के होकार असे आहेत. बहिष्काराचे आवाहन आणि ओस मतदान केंद्रांची वर्णने पाहता ते जसेच्या तसे स्वीकारणारे अभ्यासक विरळा.

फेब्रुवारी १९८५ च्या निवडणुकीत पक्षांची नावे, मिरवणुका, जाहीर सभा आणि ध्वनिक्षेपक यांना बंदी होती. मुसलमानेतरांसाठी विभक्त मतदारसंघ होते. बहिष्कार पुकारलेला असूनही सुमारे ५३ टक्के मतदान झाले. संशय आणि सहभाग एकत्र नांदू शकतात, हे यावरून दिसते. मुहम्मद खान जुनेजो मार्चमध्ये पंतप्रधान झाले, पण लष्करी कायदा उठला तो ३० डिसेंबरला, आठव्या घटनादुरुस्तीने लष्करी राजवटीच्या कृत्यांना संरक्षण आणि अध्यक्षाला सभागृह विसर्जनाचा अधिकार मिळाल्यानंतर. क्रम उलटा असता तर ही दुरुस्ती संमत झाली असती का, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे.

त्याच अधिकारात झियांनी २९ मे १९८८ रोजी जुनेजो सरकार बडतर्फ करून सभागृह विसर्जित केले. नव्वद दिवसांची मुदत या वेळी थेट संविधानात होती. तरी जुलैमध्ये जाहीर झालेली तारीख १६ नोव्हेंबर, म्हणजे एकशे एकाहत्तरावा दिवस, होती आणि निवडणूक पुन्हा पक्षविरहितच घेण्याचा मनोदय होता. १७ ऑगस्टला बहावलपूरजवळ विमान कोसळून झियांचा मृत्यू झाला. २ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना निवडणूक लढवण्याची मुभा दिली. काळजीवाहू अध्यक्ष गुलाम इसहाक खान यांनी १६ नोव्हेंबर ही तारीख कायम ठेवली आणि मतदान त्याच दिवशी झाले.