टिम नोक्स (स्पोर्ट्स मेडिसिन संशोधक)

टिम नोक्स हे साउथ आफ्रिकेतले डॉक्टर आणि केपटाउन युनिव्हर्सिटीचे एक्सरसाइज सायन्सचे निवृत्त प्रोफेसर. जन्म १९४९ चा, तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या सॉल्सबरीत म्हणजे आताच्या हरारेत, पण वाढले केपटाउनलाच. पुण्या-मुंबईहून डर्बनची कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉन (साधारण ९० किलोमीटर, १२ तासांत संपवायची) पळायला जाणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, निदान पाणी किती प्यायचं यावरून वाद सुरू झाला की कोणीतरी ते काढतंच.

डिग्र्या सगळ्या केपटाउनच्याच. १९७४ ला एमबीसीएचबी, जे आपल्या एमबीबीएससारखं, १९८१ ला एमडी आणि २००२ ला डीएससी. यातली एमडी म्हणजे आपल्यासारखी तीन वर्षांची रेसिडेन्सी नाही हां, ती प्रबंध लिहून मिळवायची संशोधनाची डिग्री. म्हणजे माणूस डॉक्टर असला तरी नाव झालं ते लॅबमुळे, ओपीडीमुळे नाही. साउथ आफ्रिकेच्या नॅशनल रिसर्च फाउंडेशनने त्यांना ए-१ रेटिंग दिलेलं, तिथे संशोधकाला यापेक्षा वरचं रेटिंग नसतं, आणि २००८ मध्ये ऑर्डर ऑफ मापुंगुब्वे हा सरकारी सन्मानही मिळाला. रग्बीचे माजी कॅप्टन मॉर्ने ड्यू प्लेसी यांच्यासोबत केपटाउनमधल्या न्यूलँड्सला स्पोर्ट्स सायन्स इन्स्टिट्यूट काढली तीही त्यांनीच.

पहिलं मोठं काम हार्टचं. ७० च्या दशकात अमेरिकेत एक थिअरी फार चालली होती की जो मॅरेथॉन पळतो त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज होऊच शकत नाही. नोक्स आणि लायोनेल ओपी वगैरे सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पळणाऱ्यांच्याच पोस्टमॉर्टेमचे पुरावे छापले आणि त्या थिअरीची हवा काढली.

पण खरं नाव झालं ते पाण्यामुळे. १९८१ च्या कॉम्रेड्समध्ये एक बाई शेवटचे वीसेक किलोमीटर राहिले असताना कोसळली, रक्तातलं सोडियम निघालं ११५, जे नॉर्मली १३५ ते १४५ असतं. पाणी कमी पडलं म्हणावं तर ती प्रत्येक स्टॉलवर पीत आलेली. नोक्स यांनी अशा चार केसेस १९८५ मध्ये छापल्या, म्हणणं एवढंच की हे डिहायड्रेशन नाही, पाणी जास्त होऊन रक्तातलं सोडियम पातळ झालंय. मेडिकल तंबूत हे ओळखायचं कसं, तर पळून आलेल्या माणसाचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं असतं, बोटं सुजून अंगठी रुततेय, उलट्या होतायत, बोलणं असंबद्ध. अशाला थकलाय समजून भराभर साधं सलाईन चढवलं तर मेंदूची सूज वाढून जीवही जाऊ शकतो, तिथे लागतं ते थोडंसं, जास्त मिठाचं, ३ टक्क्यांचं.

ऐकलं कोणी लगेच? छे. १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची गाइडलाइन अजून घाम जेवढा गेला तेवढं, नाहीतर सोसेल तेवढं प्या अशीच होती, आणि स्पोर्ट्स ड्रिंक विकणाऱ्यांना त्यात काही वाईट वाटायचं कारण नव्हतं. मग २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा यातच मृत्यू झाला, त्याच रेसमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं (हे २००५ ला छापून आलं), आणि २००७ ला गाइडलाइन बदलली. आता तहान लागेल तसं प्या हे कोणीही कोच सांगतो.

दुसरी गाजलेली कल्पना सेंट्रल गव्हर्नरची. थकवा स्नायूंत नाही तर मेंदूत ठरतो, शरीराला इजा व्हायच्या आधीच मेंदू ब्रेक लावतो, असं काहीसं. मूळ विचार ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांचा, नोक्स यांनी तो ९० च्या दशकात परत वर आणला. यावर अजून एकमत नाही, मोजून दाखवणं अवघड आहे म्हणून.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर कोच बॉब वूल्मर यांच्यासोबत क्रिकेटच्या शास्त्रावर त्यांनी जाडजूड पुस्तक केलं, ते वूल्मर गेल्यावर २००८ ला आलं. २००७ मध्ये लुईस प्यू हा थंड पाण्यात पोहणारा स्विमर उत्तर ध्रुवावर उणे १.७ डिग्रीच्या पाण्यात एक किलोमीटर पोहला, त्याच्या टीममध्येही हेच.

आणि मग डाएट. आधी पळणाऱ्यांना भरपूर कार्ब खा सांगणारे नोक्स २०१० नंतर एकदम उलटे फिरले, कमी कार्ब जास्त फॅट, स्वतःला टाइप-२ डायबिटीस निघाला हेही त्यामागे होतंच, आणि आपल्याच लोर ऑफ रनिंग या पुस्तकातलं न्यूट्रिशनचं प्रकरण फाडून टाका म्हणाले. २०१४ मध्ये ट्विटरवर एका आईला बाळाच्या वरच्या खाण्याबद्दल असाच सल्ला दिला म्हणून आहारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. एप्रिल २०१७ मध्ये ते निर्दोष सुटले, २०१८ मध्ये त्याविरुद्धचं अपीलही फेटाळलं गेलं. मात्र चौकशी होती व्यावसायिक गैरवर्तनाची, डाएटला मान्यता देण्याची नव्हे, आणि केपटाउनच्या त्यांच्याच फॅकल्टीतल्या प्रोफेसरांनी २०१४ मध्येच पेपरात पत्र देऊन या डाएटच्या दाव्यांपासून हात झटकले होते. पाण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे वजनं होती, सोडियमचे आकडे होते, वर्षानुवर्षांच्या रेस होत्या, डाएटच्या बाबतीत सगळ्यांनी तेच खावं म्हणण्याइतका पुरावा मात्र नाही, ए-१ रेटिंग असो वा नसो.