नगर-आरोग्य शिक्षण व लोकजागर, नागपूर

शहरातल्या माणसाची प्रकृती दवाखान्याच्या आधी नळाचे पाणी, घराचे छप्पर, रस्त्यावरची सावली आणि दाराशी साचलेला कचरा यांवर ठरते. हे ओळखून नगररचनाकार, अभियंते, डॉक्टर, वास्तुविशारद आणि महापालिकेचे कर्मचारी यांच्यासाठी प्रशिक्षणे, कार्यशाळा व परिषदा घेतल्या जातात. त्याच विषयांवर वस्त्यांत, शाळांत आणि तलावांच्या काठावर नागरिकांसाठीही कार्यक्रम होतात. या नोंदीत दोन्ही एकत्र घेतले आहेत. जगभर अशा कामाला बळ मिळाले ते १९८६ नंतर. त्या वर्षी आरोग्यसंवर्धनाच्या ओटावा सनदेने आरोग्य ही केवळ वैद्यकाची बाब नसल्याचे मांडले आणि जागतिक आरोग्य संघटनेने युरोपात ‘आरोग्यदायी शहरे’ ही चळवळ सुरू केली. नागपुरात या कामाची मुळे त्याहून जुनी आहेत. ती काही संशोधन संस्थेत सापडतात, काही कीर्तनात, तर काही मिरवणुकीत. तज्ज्ञांचे शिक्षण आणि लोकांचा जागर या दोन धारा इथे बहुतेक वेळ वेगवेगळ्या वाहिल्या. ज्या थोड्या ठिकाणी त्या मिळाल्या तिथेच ठोस काम झालेले दिसते.

पूर्वपीठिका

विदर्भात सार्वजनिक स्वच्छतेचे शिक्षण लोकांपर्यंत प्रथम नेले ते गाडगेबाबांनी (१८७६–१९५६). दिवसा गावात शिरून स्वतः खराट्याने रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आजच्या प्रशिक्षण शिबिरांत ‘सहभागी पद्धत’ म्हणून जे शिकवले जाते, ते या माणसाने कोणत्याही पदवीशिवाय अनेक वर्षे केले. आधी हाताने काम आणि मग बोलणे, हा क्रमही महत्त्वाचा होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थना यांच्या आधारे ग्रामसफाईला नित्यकर्माचे रूप दिले.

खुद्द नागपूर शहराची स्वतःची एक रीत आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगितली जाते. ‘ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते आणि पुतळे शहराबाहेर नेऊन जाळले जातात. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांवर, त्या वर्षीचे जे काही लोकांना जाचले असेल ते लिहिलेले असते: महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, डेंग्यू. शहराच्या दुखण्यांची ही जाहीर यादी कोणत्याही सर्वेक्षणाइतकीच गंभीरपणे वाचावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी अनेक भारतीय शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. त्यांत नागपूरचाही समावेश आहे. उपचाराआधी निदान, म्हणजे आराखड्याआधी गल्लीगल्लीतून पायी पाहणी, हा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरे पाडण्यापेक्षा मोजक्या जागा मोकळ्या करून हवा आणि उजेड आणावा, असे ते सांगत. इंदूरला त्यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. तिच्यात अस्वच्छतेचे राक्षस, प्लेगचा उंदीर आणि डास यांच्या प्रतिमा होत्या. ज्या मार्गावर सर्वाधिक साफसफाई दिसेल तिथून मिरवणूक जाईल असे आधी जाहीर केल्याने लोकांनी घरे आणि गल्ल्या स्वतःहून स्वच्छ केल्या. मारबत पाहिलेल्या नागपूरकराला ही कल्पना परकी वाटणार नाही.

तज्ज्ञांचे वर्ग

तज्ज्ञांच्या बैठकीचा परिणाम किती दूर जाऊ शकतो याचे मोठे उदाहरण नागपुरातच घडले. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद येथे भरली आणि तीतून रस्तेविकासाची वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ निघाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिथे पक्की झाली आणि थोड्या फेरफाराने ती आजही चालते. आरोग्य हा त्या परिषदेचा विषय नव्हता. तरी काही दिवसांची बैठक पुढच्या पिढ्यांच्या अभियंत्यांची भाषा ठरवू शकते, हे तिने दाखवले.

नागपूरला या विषयाचे केंद्र बनवले ते नीरी या संस्थेने. १९५८ मध्ये ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हे तिचे पहिले काम होते. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (इंग्रजी आद्याक्षरांवरून नीरी) झाले आणि हवा, औद्योगिक प्रदूषण, घनकचरा असे विषय वाढत गेले. पर्यावरण हा स्वतंत्र विषय होण्याआधी तो आरोग्याचाच भाग होता, हे या संस्थेच्या प्रवासावरून स्पष्ट दिसते. पाण्यातील जादा फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नीरीने विकसित केली. ती मोठ्या टाकीत चालते तशी घरच्या बादलीतही चालते. त्यामुळे तिचे शिक्षण पाणीपुरवठा अभियंत्याला द्यावे लागते आणि पाणी भरणाऱ्या बाईलाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या फ्लोराइडग्रस्त पट्ट्यांच्या जवळ असलेल्या शहराला ही बाब विशेष लागू आहे.

विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (व्हीएनआयटी) वास्तुशास्त्र व नगरनियोजनाचे शिक्षण मिळते. अभियंत्यांच्या व वास्तुविशारदांच्या व्यावसायिक संस्थांची स्थानिक केंद्रे व्याख्याने आणि चर्चासत्रे घेतात. १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे केंद्र नागपुरात असून स्वच्छता निरीक्षकांचा अभ्यासक्रम ही तिची जुनी ओळख आहे. पालिकेत शहराच्या आरोग्याशी रोजचा संबंध येतो तो या निरीक्षकाचा. तरीही चर्चासत्रांच्या व्यासपीठावर तो क्वचितच दिसतो. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही नागपुरात आहे. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन झाले. त्याचा मुख्य विषय ‘महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान’ हा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये जी-२० अंतर्गत नागरी संघटनांची, म्हणजे सी-२० ची, प्रारंभिक बैठक शहरात झाली.

उन्हाळा, कूलर आणि डेंग्यू

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उष्णतेला तोंड देण्याचा भारतातला शहरपातळीवरचा पहिला आराखडा त्याच वर्षी अहमदाबादने केला आणि २०१६ मध्ये नागपूर व आसपासच्या शहरांसाठी तशी योजना आली. शिक्षण आणि लोकजागर यांचा खरा मेळ इथे बसला, म्हणून ही बाब विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

योजनेचा एक भाग प्रशिक्षणाचा असतो. उष्माघाताचा रुग्ण ओळखणे, शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत बरळणे किंवा ग्लानी असेल तर तपासण्यांची वाट न पाहता थंड पाणी, वारा आणि काखेत व जांघेत बर्फ यांनी ताप उतरवणे, हे वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांना पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. नोंद कशी करायची हेही शिकवावे लागते. उन्हाने दगावलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले, तर उन्हाचे बळी कागदावर कधीच येत नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या योजनेला आधार उरत नाही.

दुसरा भाग रस्त्यावरचा. हवामान खात्याचा इशारा वस्तीपर्यंत पोचवणे, पाणपोया, भर दुपारी उद्याने उघडी ठेवणे, बांधकाम मजुरांच्या कामाच्या वेळा बदलणे, काही चौकांतील सिग्नल दुपारी बंद ठेवून दुचाकीस्वारांचे उन्हात थांबणे टाळणे. यात लोकांकडूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. डोक्याला दुपट्टा गुंडाळणे, कैरीचे पन्हे, दारे-खिडक्यांना वाळ्याचे पडदे हे नागपूरकराला कुणी सांगावे लागत नाही. जे सांगावे लागते ते टिनाच्या छपराखालच्या रात्रीबद्दल. दिवसभर तापलेले छप्पर रात्री उष्णता सोडत राहते, शरीराला उसंत मिळत नाही, आणि म्हातारी माणसे व लहान मुले सावलीत असूनही आजारी पडतात. छपराला चुन्याचा पांढरा हात देण्याचे प्रात्यक्षिक एका घरावर करून शेजारच्या घराशी खोलीतले तापमान ताडून दाखवले, तर पत्रकापेक्षा ते अधिक पटते.

नागपूरच्या घराघरांत असणारा कूलर याच साखळीतली पुढची कडी आहे. पावसाळा लागला की तो बंद होतो, पण टाकीत पाणी राहते आणि त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. टाकी घासावी लागते. हा बारकावा कीटकशास्त्रज्ञाला ठाऊक असतो, फवारणी कर्मचाऱ्याला सांगितला जातो, आणि गृहिणीपर्यंत पोचेतो ‘पाणी साचू देऊ नका’ एवढाच उरतो. आशा सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी घरी येऊन टाकीतल्या अळ्या डोळ्यांनी दाखवतात, तेव्हाच तो पूर्ण पोचतो.

नाग नदी आणि अंबाझरी

लाव्हा परिसरातल्या टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी अंबाझरी तलावावरून शहर ओलांडते, पुढे कन्हान आणि वैनगंगेला मिळते. शहराचे सांडपाणी त्यामुळे वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणापर्यंत जाते आणि नागपूरच्या स्वच्छतेचा प्रश्न भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचाही होतो. पावसाळ्यापूर्वी नाग, पिवळी आणि पोहरा या नद्यांचा गाळ काढण्याची मोहीम चालते. पूर्व नागपुरातल्या भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासभेटीसाठी याहून बोलके ठिकाण शहरात नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत पाणी शिरले. माणसे दगावली, घरातले सामान वाहून गेले. यानंतर पूरग्रस्त रहिवासी जलशास्त्राची भाषा शिकले: सांडवा (तलावाचे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट), पात्राची रुंदी, पुलाखालची मोकळी जागा, पूररेषा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. हे शिक्षण कोणत्याही कार्यशाळेने दिले नव्हते; ते नुकसानीतून आले. तलावाखालच्या वस्तीने पावसाळ्याआधी सांडवा स्वतः पाहावा, अभियंत्याने तिथेच उभे राहून पाणी कुठून जाईल ते दाखवावे, आणि जुन्या रहिवाशांनी पूर्वी पाणी कुठवर आले होते ते सांगावे, अशी वार्षिक फेरी प्रत्येक तलावासाठी हवी.

दिनविशेष

३१ ऑक्टोबरचा जागतिक शहर दिन, ८ नोव्हेंबरचा जागतिक नगररचना दिन आणि ५ जूनचा पर्यावरण दिन यांना व्याख्याने व फेऱ्या होतात. पौर्णिमेच्या रात्री एक तास अनावश्यक दिवे बंद ठेवण्याचा ‘पौर्णिमा दिवस’ हा महापालिका आणि ग्रीन व्हिजिल संस्थेचा खास नागपुरी उपक्रम. स्वयंसेवक बाजारात दुकानोदुकानी जाऊन विनंती करतात. गणेश विसर्जनात तलावांऐवजी कृत्रिम टाक्या वापरणे आणि निर्माल्य वेगळे गोळा करणे आता रूढ झाले आहे. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरणाचे अभियान २०२० मध्ये सुरू झाले. केंद्राच्या सायकल व पादचारी रस्त्यांच्या स्पर्धांतही शहराने भाग घेतला.

अडचणी

महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक, म्हणजे प्रशिक्षणाला हजर राहिल्याचे गुण, मिळवावे लागतात. अमेरिकेत प्रमाणित नगररचनाकारांना दोन वर्षांत ३२ श्रेयांकांची अट आहे. अशा अटीने शिक्षण चालू राहते, पण मोजले जातात ते सभागृहातले तास. वस्तीत घालवलेल्या दुपारचे श्रेय क्वचितच मिळते. बरेच कार्यक्रम उत्तर अंबाझरी मार्ग, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ या पश्चिम भागात आणि कामाच्या वेळेत होतात. भांडेवाडीच्या कचरा डेपोचा वास ज्यांच्या घरात येतो ते पूर्व नागपूरचे लोक आणि रोजंदारी बुडवणे ज्यांना परवडत नाही ते मजूर तिथे पोचत नाहीत.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासक राहिला. तक्रार घेऊन ज्याच्या दारी जाता येते असा नगरसेवक नसताना दहा झोन कार्यालयांवरच सारा भार आला. भाषेचाही अडसर आहे. सादरीकरणे इंग्रजीत, शासकीय पत्रके जड मराठीत, तर मोमिनपुऱ्यात व उत्तर नागपुरातल्या अनेक मोहल्ल्यांत हिंदी-उर्दू आणि बांधकामांवरच्या मजुरांत छत्तीसगढी बोलली जाते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. तिथली आरोग्य शिबिरे आणि पुस्तकांचे स्टॉल संध्याकाळीही उघडे असतात, स्वयंसेवक अनेक भाषांत बोलतात, आणि मजुरी न बुडवता माणूस रक्तदाब मोजून, पुस्तक घेऊन परततो. शहरातल्या आरोग्य कार्यक्रमांच्या आयोजकांनी वेळ, जागा आणि भाषा ठरवताना या व्यवस्थेचा अभ्यास अद्याप पुरेसा केलेला नाही.