पार्श्वभूमी: ‘फाटलेला’ आवाज हवासा कसा झाला

मुंबईतल्या मिक्सिंग रूममध्ये ‘आवाज फाटतोय’ ही तक्रार असते आणि ‘जरा सॅच्युरेट कर’, म्हणजे आवाजाला थोडा रंग चढव, ही फर्माईश. घडतं दोन्हीकडे एकच. आवाजाच्या लहरीचा माथा चपटा होतो आणि मुळात नसलेले हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले वरचे सूर) तिला चिकटतात.

१९३१ साली गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट लागला. त्या काळात ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापला जाई. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत पट्टीची रुंदी आवाजाबरोबर कमीजास्त व्हायची आणि रुंदी संपली की लहर तिथेच कापली जायची. फाटणं म्हणजे रेकॉर्डिस्टची चूक, हा समज तेव्हापासूनचा.

टेपने तो सैल केला. टेप एकदम कापत नाही, हळूहळू भरत जाते. तिसरा हार्मोनिक मूळ सुराच्या ३ टक्क्यांवर गेला की कमाल पातळी आली, असं मोजमापाने ठरलेलं होतं. त्यातही वरच्या कंपनसंख्या आधी भरतात, म्हणून जोरात रेकॉर्ड केलेली झांज बोथट होते. दोन इंची टेपचं २,५०० फुटांचं रीळ सेकंदाला १५ इंच वेगाने ३३ मिनिटं चाले, ३० इंचांनी त्याच्या निम्मं. वेग बदलला की खर्जाचा भरणाही बदले. ज्याला आज सरसकट ‘टेपची ऊब’ म्हणतात ती अशी मशीनगणिक, वेगागणिक वेगळी होती.

१९८० नंतरचं दशक सीडीचं आणि १९९० नंतरचं आठ ट्रॅकच्या डिजिटल मशीनचं. १६ बिटच्या काळात एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबलचा आवाका; लेव्हल खाली ठेवली की बिट वाया, त्यामुळे जो तो लेव्हल शून्याच्या (डिजिटलच्या कमाल पातळीच्या) जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायचा. शून्यापलीकडे मात्र लाल दिवा आणि कर्कश आवाज, मधली उतरणच नाही. काही कन्व्हर्टरवर (आवाजाचे आकडे करणाऱ्या यंत्रांवर) ‘सॉफ्ट लिमिट’चं बटण आलं ते ही उतरण परत देण्यासाठी. पुढे सॉफ्टवेअरच्या आत ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट (शून्याच्या वरचे आकडेही सांभाळणारी पद्धत) आलं आणि ट्रॅक शून्याच्या वर गेला तरी आत काहीच फाटेना. कन्सोल-टेपवर फुकट मिळणारी विकृती आता मुद्दाम लावावी लागते. प्लगइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा, बाजार उभा राहिला तो इथे.

खरा गोंधळ शब्दांचा आहे. सॅच्युरेशनमध्ये वक्र (आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा आलेख) खालपासूनच वाकू लागतो, म्हणजे हळू भागालाही रंग चढतो. सॉफ्ट क्लिपर बराच वेळ सरळ राहतो आणि माथ्याजवळ येऊन वळतो. लिमिटरचं काम तिसरंच: तो आकार फारसा न बदलता काही क्षण अख्ख्या सिग्नलची लेव्हल खाली घेतो. प्लगइनच्या मेनूत टेप, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर अशी नावं एका ओळीत मांडलेली असतात. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर आधी खर्ज पकडतो. आणि वक्र दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तरच सम हार्मोनिक्स येतात, मग त्याचं नाव काहीही असो. ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द इथे तांत्रिक कमी, जाहिरातीचा जास्त.

लिमिटर की क्लिपर, हा वाद आपल्याकडे ढोलकीवर येऊन अडतो. समजा थापेची शिखरं −४ डेसिबलवर आणि बाकीची बैठक −२० च्या आसपास आहे. लिमिटरने शिखर दाबलं की त्याच क्षणी मागची पेटीही दबते आणि रिलीजबरोबर, म्हणजे दाब सुटताना, वर येते. गाणं श्वास घेतल्यासारखं हलतं. क्लिपरला अ‍ॅटॅकही (दाब लागायचा वेळ) नाही, रिलीजही नाही. तो एकेक सॅम्पल (आवाजाची एकेक नोंद) तासतो. थापेचं टोक काही मिलिसेकंदांत संपत असल्याने दोनतीन डेसिबल गेलेले कानाला फारसे कळत नाहीत, उलट थाप घट्ट वाटते. तोच क्लिपर लांब आलापावर लावा, मग फाटलेला सूर लपत नाही. ढोलकी-ताशाला क्लिपर आणि गळ्याला हलकं सॅच्युरेशन, असं माझं मत; सगळ्यांना ते पटत नाही.

आणखी एक खोट फक्त डिजिटलची. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलवर, त्याच्या निम्म्यापर्यंतचेच सूर मावतात. तिथे ५ किलोहर्ट्झचा सूर क्लिप केला तर १५ चा हार्मोनिक ठीक बसतो. २५ चा मावत नाही, तो उलटून १९.१ वर येतो, आणि ३५ चा ९.१ वर. ९.१ चं ५ शी कसलंच स्वरनातं नाही, म्हणून तो खरखरीसारखा ऐकू येतो. चौपट ओव्हरसॅम्पलिंगमध्ये, म्हणजे सॅम्पल चौपट करून काम केलं की, हे दोन्ही आधी मावतात, मग फिल्टरने काढता येतात. सुरुवातीची कित्येक प्लगइनं ‘काचेसारखी’ वाजायची त्यात या उलटण्याचा मोठा हात होता.

लाउडनेसची शर्यत, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजवण्याची चढाओढ, पेटली ती १९९४ च्या सुमारास लुक-अहेड (पुढचं शिखर आधीच बघणारं) लिमिटर प्लगइन आल्यानंतर. २००६ मध्ये लाउडनेस मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, २०१० मध्ये युरोपात टीव्हीसाठी −२३ एलयूएफएसची (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) शिफारस. काही मोठ्या स्ट्रीमिंग सेवा आता −१४ च्या आसपास लेव्हल सारखी करतात, म्हणजे कुटून मोठं केलेलं गाणं तिथे परत खाली येतं. तरीही अंधेरीतल्या स्टुडिओंतून फायनल फाइल −८ वर बाहेर पडते. निर्माता ती पहिल्यांदा ऐकतो व्हॉट्सअ‍ॅपवर, मोबाइलच्या स्पीकरवर, आणि तिथे लेव्हल कुणी सारखी करत नाही.