सावली उजळण्याची जुनी खटपट

फोटोतला काळवंडलेला भाग उजळून घेणं ही संगणकाने दिलेली सोय वाटते. पण ही खटपट डार्करूमच्या काळापासून चालू आहे. प्रिंट काढताना एनलार्जरच्या, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, झोतात तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती धरायची. तिच्या आडोशाला, प्रकाशाने काळ्या पडणाऱ्या कागदावर प्रकाश कमी पडतो आणि तेवढा भाग प्रिंटमध्ये उजळ येतो. हात मात्र सतत हलता हवा; जरा थबकला की चकतीची कड कागदावर उमटलीच. हे डॉजिंग. फोटोशॉपच्या डॉज टूलचं चिन्ह म्हणजे हीच काठीवरची चकती.

पण निगेटिव्हवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मवर, जे उतरलंच नाही, ते उजळणार कुठून? म्हणून १९४०च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी झोन सिस्टिम ही पद्धत बसवली, तेव्हा तिचं सूत्रच होतं: एक्स्पोजर (फिल्मवर किती प्रकाश पाडायचा) सावलीकडे बघून, डेव्हलपिंग (फिल्म रसायनात किती वेळ ठेवायची) उजेडाकडे बघून.

डिजिटल सेन्सरने हे सूत्र उलटं केलं. (निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र देणारी स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना ते नवं नव्हतं.) आभाळ एकदा पांढरंफटक झालं की ते परत मिळत नाही, सावलीत काहीतरी उरलेलं असतं. प्रश्न ते बाहेर काढण्याचा. १९९०च्या फोटोशॉपपासून फोटोतला उजेड-अंधार बदलणारी लेव्हल्ससारखी साधनं हाती होती, पण ती एका छटेचा प्रत्येक पिक्सेल सरसकट उचलत. काळे केस आणि झाडाखालचा अंधार, दोन्ही सारखेच राखाडी. २००३च्या फोटोशॉप सीएस या आवृत्तीतली शॅडो/हायलाइट ही सोय पिक्सेलच्या आजूबाजूलाही बघू लागली, आणि खरा फरक इथे पडला. अति केलं तर कडांभोवती उजेडाची वलयं दिसत. त्या काळातले कितीतरी फोटो त्यावरून आजही ओळखू येतात. पुढे लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी सावल्या उजळणारा फिल लाइट आणि २०१२च्या चौथ्या आवृत्तीत शॅडोज स्लायडर आला.

तरी अडचण होतीच: नॉइज, म्हणजे फोटोत उमटणारे नको ते दाणे. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीत) उजेडाच्या ४०९६ पायऱ्या असतात, पण त्यांतल्या २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) जातात. वरून सहाव्या स्टॉपला उरतात ६४. एवढ्याशा माहितीला ताणलं की दाणे आणि रंगीत ठिपके वर येणारच. जेपेग तर ८ बिटचीच, तिच्यात आणखी लवकर.

फोनवाल्यांनी यावर वेगळी वाट काढली. गूगलच्या फोन कॅमेऱ्यातल्या एचडीआर प्लस या सोयीत मुद्दाम गडद फ्रेम्स एकामागून एक टिपून त्या एकत्र केल्या जातात. नऊ फ्रेम्सची सरासरी घेतली तर बेभरवशाचा नॉइज साधारण एक तृतीयांशावर येतो, आणि मग सावल्या बिनधास्त उचलता येतात. हे सगळं फोटो दिसण्याआधीच उरकलेलं असतं. माझ्या मते बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्तच, कारण सावली पार गेली की चेहऱ्याची गोलाईही जाते. अशा फोटोत शॅडोज स्लायडर डावीकडेच ओढावा लागतो.