रिसीव्हरच्या पाठीमागचा हिशेब

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकरना देणारं यंत्र, खोक्यातून काढून त्याची पाठ समोर आली, की भलेभले गोंधळतात. पिवळी-लाल-पांढरी गोल भोकं, कोपऱ्यात झडप असलेलं एक चौकोनी छिद्र, वर एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या जोडणीची) रांग, खाली स्पीकरच्या वायरींसाठी लाल-काळी टर्मिनल्स. मग दुकानदाराला हमखास विचारलं जातं, ‘सगळ्यात चांगली केबल कुठली?’ त्याऐवजी दोनच गोष्टी विचारायला हव्यात: या वायरीतून सेकंदाला किती माहिती जायची आहे, आणि ती कुठून कुठे? याची उत्तरं मिळाली की बाकीची निवड बरीचशी आपोआप होते, पैसेही वाचतात.

आधी चित्राचं बघू. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, शून्य किंवा एक) आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर १,१९४ कोटी बिट झाले. शिवाय दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मध्ये थोडी रिकामी जागा सोडलेली असते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनच्या झोताला ओळ संपवून परत डावीकडे यायला वेळ लागायचा, त्या काळापासून चालत आलेली ही सोय. एचडीएमआयने तिचा फार सुंदर उपयोग केला आहे. आवाज याच रिकाम्या जागांमधून जातो, म्हणून त्याला वेगळी वायर लागत नाही. त्यावर आणखी एक भार असतो. सिग्नल शाबूत पोचावा म्हणून दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जातात. सगळं मिळून आकडा जातो १,७८२ कोटींवर. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० ची कमाल मर्यादा १,८०० कोटी आहे, म्हणजे जेमतेम मावलं.

मग एचडीआरचं, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचं काय? तिथे प्रत्येक मूळ रंगाला ८ ऐवजी किमान १० बिट लागतात आणि हिशेब मर्यादेबाहेर जातो. अशा वेळी उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाचा तपशील कमी केला जातो. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितकासा कळत नाही. रंगीत टीव्हीची मूळ रचनाच या गोष्टीवर उभी आहे. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट जोडणीत उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, म्हणून बारीक रेघांच्या शर्टावर भलतेच रंग नाचताना दिसायचे. एस-व्हिडिओने ते दोन वेगळे केले. हिरव्या-निळ्या-लाल पिनांच्या कंपोनंटने रंगाचेही दोन भाग करून तीन तारांत वाटले. घरात जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर याच क्रमाने जोडणी निवडा: कंपोनंट, ते नसेल तर एस-व्हिडिओ, आणि काहीच नसेल तर पिवळी पिन.

बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ चित्रांचे असतात. त्यामुळे फोर-के सिनेमा एचडीआरसकट एचडीएमआय २.० मधून आरामात जातो. ४,८०० कोटी बिटांची एचडीएमआय २.१ खरी लागते ती सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या प्लेस्टेशन ५ सारख्या गेमिंग कन्सोलला. घरात कोणी गेम खेळत नसेल, तर केवळ ‘एट-के’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. ते पैसे स्पीकरवर घातलेत तर फरक कानाला कळेल.

आवाजाचा हिशेब अगदीच लहान असतो. सीडीवरचं संगीत सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांत बसतं. एवढ्यासाठी तोशिबाने १९८३ साली ऑप्टिकल जोडणी (पाठीवरचं ते झडपेचं चौकोनी छिद्र) काढली: एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू आणि त्यातून लुकलुकणारा लाल उजेड. चालू सेट-टॉप बॉक्सला ही केबल लावून दुसरं टोक तळहातासमोर धरलं, तर लाल ठिपका दिसतो. लुकलुक इतकी वेगवान असते की डोळ्याला तो उजेड स्थिर वाटतो. नव्या केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची बारीकशी टोपी असते, ती काढायची राहिली की पिन नीट बसत नाही आणि आवाज येत नाही. केबल कोपऱ्यात काटकोनात दुमडली तरी उजेड बाहेर निसटतो.

ऑप्टिकलमधून स्टिरिओ आवाज मूळ रूपात जातो, किंवा डॉल्बी डिजिटल आणि साध्या डीटीएस या पद्धतींचा ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) आवाज दाबून, म्हणजे माहिती कमी करून, जातो. ब्ल्यू-रे डिस्कवरचा डॉल्बी ट्रू-एचडी सेकंदाला १८० लाख बिटांपर्यंत जातो, तो इथे मावत नाही. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस (वरूनही येतोय असं वाटणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसच्या स्वरूपात येतो, तोही या वाटेने जात नाही.

ओटीटीवरचा हा आवाज जातो आर्कमधून. टीव्हीच्या पाठीमागे तीन-चार एचडीएमआय असतात, पण ‘आर्क’ किंवा ‘ई-आर्क’ असं लिहिलेलं बहुधा एकच असतं. तिथून आवाज उलट्या दिशेने, टीव्हीकडून रिसीव्हरकडे येतो. २००९ मधल्या एचडीएमआय १.४ सोबत आलेल्या आर्कची वाट अरुंद आहे. ई-आर्कची सेकंदाला ३७० लाख बिटांची. हा आकडा आठ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने आणि दर नमुन्याला २४ बिट अशा गुणाकाराच्या जवळ बसतो. म्हणजे आठ चॅनेलचा आवाज अजिबात न दाबता जाऊ शकतो. ज्यांच्याकडे फक्त ओटीटी आणि डिश आहे त्यांना साधा आर्क पुरतो. डिस्क प्लेअर थेट टीव्हीला लावायचा असेल, तर मात्र ई-आर्कच हवा. त्यासाठी ४,८०० कोटींवाली केबल लागत नाही, ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ लिहिलेली पुरते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर (टीव्हीनेच उलगडून दिलेल्या आवाजावर) ठेवलेला असला, तर पाच स्पीकर लावूनही बहुतेक वेळा दोनच वाजतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा, म्हणजे आवाज आहे तसा रिसीव्हरकडे जाईल.

सगळी उपकरणं रिसीव्हरला जोडून तिथून एक केबल टीव्हीला न्यायची, की सगळी टीव्हीला जोडून आवाज ई-आर्कने परत आणायचा? रिसीव्हर नवा असेल तर मी पहिलीच रीत सांगेन. आवाज मधल्या कुणाच्या हातून न जाता थेट पोचतो. रिसीव्हर जुना आणि टीव्ही नवा असेल तर दुसरी रीत बरी, आणि त्याचं एक पक्कं कारण आहे. फोर-के उपकरणं चित्र पाठवण्याआधी समोरच्याशी एचडीसीपी २.२ नावाची सांकेतिक ओळख पटवून घेतात. मधल्या रिसीव्हरला ती भाषा येत नसेल, तर चित्र फुल-एचडीवर उतरतं किंवा पडदा काळा राहतो. केबल बदलून यात काही फरक पडत नाही.

दुसऱ्या रीतीने जोडलं असो वा पहिल्या, कधीकधी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि आवाज आधी पोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला कळतं, पण उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. निसर्गात आवाज नेहमी उजेडाच्या मागूनच येतो, आधी वीज दिसते आणि मग गडगडाट होतो. उशिराची मेंदूला सवय आहे, आधी येणाऱ्या आवाजाची नाही. रिसीव्हरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असतो, तो १०-१० मिलिसेकंदांनी वाढवत बातम्या देणाऱ्याच्या ओठांकडे बघा.

दुसरी तक्रार म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी घूंऽऽ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, घरघरही त्याच सुराची. डिशच्या किंवा केबलवाल्याच्या वायरीला एक अर्थिंग आणि घरातल्या प्लगला दुसरं असं झालं, की दोन्हींतल्या किंचित फरकामुळे केबलच्या बाहेरच्या जाळीतून बारीकसा प्रवाह वाहतो आणि लाल-पांढऱ्या पिनांवरच्या नाजूक सिग्नलमध्ये मिसळतो. आधी सगळी उपकरणं आणि सबवूफर एकाच बोर्डावर घ्या. घरघर तरी राहिली तर सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकलने आणा. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे त्या वाटेने फिरणारा प्रवाह तुटतो. म्हणून चाळीस वर्षं जुनी असली तरी ही जोडणी मला आजही मोलाची वाटते. कुणी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगेल. घरघर कदाचित जाईलही, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या खोक्यात वीज उतरेल. हे कधीही करू नका.

केबलच्या किमतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिजिटल सिग्नल कमी पडला तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र अधूनमधून जातं, किंवा येतच नाही. रंग ‘जास्त गडद’ आणि आवाज ‘जास्त गोड’ करणं सोन्याचा मुलामा दिलेल्या केबललाही जमत नाही. बघायचं ते खोक्यावरचं प्रमाणपत्राचं लेबल: १,८०० कोटींसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, ४,८०० कोटींसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. लेबलवरचा कोड मोबाइलने तपासता येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर लांबीवर करा. तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या वेगाचा सिग्नल झपाट्याने क्षीण होतो. पाच मीटरच्या पुढे, विशेषतः प्रोजेक्टरसाठी, आत प्रकाशतंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. ती एकदिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चित्र येत नाही. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीतून केबल न्यायची असेल, तर पीओपी होण्याआधी वायरमनला जाड पाइप टाकायला सांगा. एचडीएमआयची पिन पाइपमधून सहज सरकायला हवी आणि पाइपला काटकोनी एल्बोऐवजी मोठी गोलाई हवी. केबल ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्हीकडे जोडून चित्र आणि आवाज तपासा, आणि पाइपमध्ये एक रिकामी दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलताना भिंत फोडावी लागणार नाही.