सर्पविष आणि कर्करोगावरील उपचार

विषारी सापाच्या डोळ्यांमागील ग्रंथींत तयार होणारा स्राव म्हणजे सर्पविष. ते वाळवून उरणाऱ्या भुकटीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा प्रथिने आणि पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) यांचा असतो. यांतील काही रेणू कर्करोगाच्या पेशी मारतात, तर काही त्यांचा प्रसार अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र सर्पविषापासून बनवलेल्या एकाही औषधाला कर्करोगावरील उपचार म्हणून अद्याप मान्यता मिळालेली नाही.

कल्पना तशी जुनी आहे. सर्पदंशावरील प्रतिविष आणि पुढे बीसीजी लस या दोन्हींशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १९३३ मध्ये सहकाऱ्यांसह नागाच्या विषाचा उंदरांतील गाठींवर होणारा परिणाम नोंदवला. त्याच दशकात कर्करुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी हे विष अत्यल्प मात्रेत टोचूनही पाहिले गेले. अडचण अशी की विष म्हणजे एक पदार्थ नव्हे, अनेक पदार्थांचे मिश्रण. एकाच जातीच्या दोन सापांचे विषही वय, प्रदेश आणि आहार यांनुसार वेगळे निघते. त्याची ठरावीक मात्रा लिहून देणार कशी? म्हणून पुढचे बहुतेक संशोधन विषातून एकेक घटक वेगळा करून झाले.

पेशी थेट मारणाऱ्या घटकांपैकी एक तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो. अनेक सापांचे विष पिवळसर दिसते ते एल-अमिनो अॅसिड ऑक्सिडेज या विकरामुळे. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि पेशी स्वतःचा शेवट घडवून आणते. नागाच्या विषातील सायटोटॉक्सिन हे सुमारे साठ अमिनो आम्लांचे रेणू तीन बोटे पसरलेल्या पंजासारखे दिसतात आणि पेशीचे आवरण फाडतात. भारतीय नागाच्या विषातून एनएन-३२ नावाचे असेच एक प्रथिन वेगळे करून ते सोन्याच्या नॅनोकणांना जोडण्याचेही प्रयोग झाले आहेत. तरी अशा निष्कर्षांकडे जरा सावधपणेच पाहावे. बशीतल्या पेशी ब्लीच ओतले तरी मरतात. खरा प्रश्न शेजारच्या निरोगी पेशी वाचतात का, हा असतो.

त्या कसोटीवर डिसइंटेग्रिन हा गट अधिक रंजक ठरतो. सापाच्या दृष्टीने त्याचे काम सरळ आहे : भक्ष्याच्या रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, म्हणजे रक्त वाहत राहते. पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या जाळीला धरून राहतात त्या इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांच्या आधाराने. डिसइंटेग्रिनच्या रेणूचा एक फासा बाहेर आलेला असतो आणि त्याच्या टोकाशी बहुधा आर्जिनीन, ग्लायसीन आणि अॅस्पार्टिक आम्ल याच क्रमाने असतात. प्लेटलेटवरील इंटेग्रिन एरवी ज्याला धरते त्या रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनामध्येही हाच क्रम असल्याने इंटेग्रिन फसते आणि त्याची जागा अडून बसते. गाठीपासून सुटून दुसरीकडे रुजणाऱ्या पेशीला इंटेग्रिन लागते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांनाही लागते. येथे पेशी मारायची नसते, तिची पकड सोडवायची असते.

अमेरिकेतील कॉपरहेड सापाच्या विषातून मिळालेल्या कॉन्टॉर्ट्रोस्टॅटिनवर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रान्सिस मार्कलंड यांच्या गटाने काम केले. मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांत त्यामुळे गाठीची वाढ आणि फुप्फुसातील प्रसार दोन्ही मंदावले. प्लेटलेटवर होणारा परिणाम टाळण्यासाठी ते मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून देण्यात आले. पुढे व्हिक्रोस्टॅटिन हे त्याच धर्तीचे प्रथिन जीवाणूंकडून बनवून घेण्यात आले, म्हणजे सापाचे विष काढत बसायला नको.

हृदयविकारात हा मार्ग यशस्वी झाला आहे. फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन या डिसइंटेग्रिनवरून टायरोफायबॅन आणि पिग्मी रॅटलस्नेकच्या विषावरून एप्टिफिबाटाइड ही औषधे आली. दोन्हींना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी, १९८१ मध्ये, ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषामुळे सुचलेले कॅप्टोप्रिल रक्तदाबासाठी आले होते. या गोळीत विषाचा अंशही नाही, फक्त विषाने दाखवलेली युक्ती आहे. कर्करोगाने मात्र दाद दिलेली नाही. सिलेंजिटाइड हे प्रयोगशाळेत रचलेले, विषाशी संबंध नसलेले पण तोच तीन आम्लांचा क्रम वापरणारे औषध मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचले. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही. एक वाट बंद केली की गाठ दुसरी शोधते.

दक्षिण अमेरिकेतील रॅटलस्नेकच्या विषातील क्रोटॉक्सिन माणसांवरील चाचणीपर्यंत गेले. बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे मज्जातंतूंवर परिणाम करणारे विष असल्याने काही रुग्णांना तात्पुरते एकाचे दोन दिसू लागले. त्याच सापाच्या विषातील क्रोटामीन हे बेचाळीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड झपाट्याने विभाजन होणाऱ्या पेशींत आपणहून शिरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांतील मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची वाढ त्याने रोखलेली दिसली. औषध पेशीत पोचवणारे वाहन म्हणूनही त्याचा विचार होतो.

परकी प्रथिने टोचली की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेचा प्रभाव कमी होऊ शकतो, ही यातील मोठी अडचण आहे. तोंडावाटे दिल्यास ती बहुतांशी इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. विषाचे थेंब किंवा गोळ्या घेऊन कर्करोग बरा होतो, अशा जाहिरातींना वरीलपैकी कोणत्याही संशोधनाचा आधार नाही.