नो-बॉलवर फलंदाज फक्त धावबादच होतो का?

‘नो-बॉल किंवा फ्री हिटवर फलंदाज धावबाद सोडून कसाही आउट होत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. बरंचसं खरं, पण अपुरं.

त्रिफळा, झेल, पायचीत, यष्टिचीत, हिट विकेट यांपैकी काहीही नो-बॉलवर लागू होत नाही. उरतात मात्र तीन प्रकार: धावबाद, मुद्दाम दोनदा चेंडू मारणं आणि क्षेत्ररक्षणात अडथळा. फ्री हिटलाही, म्हणजे नो-बॉलनंतर मिळणाऱ्या चेंडूलाही, हेच तीन लागू.

तिसरा प्रकार गमतीचा आहे. फ्री हिटवर चेंडू पॅडला लागून स्टंपकडे घरंगळतोय आणि फलंदाजाने सवयीने मोकळ्या हाताने तो ढकलला, तर अपील झाल्यावर तो बाद. हात न लावता स्टंप उडू दिले असते तर नाबाद! शिवाय चेंडू खेळातच राहतो, म्हणजे लेग-बाय धावूनही घेता येतात.

अजून एक बारकावा. नो-बॉलवर फलंदाज पुढे येऊन चुकला, धाव घ्यायला निघालेला नाही आणि एकट्या यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या, तर तो नाबादच. धावेसाठी निघाला असेल तर धावबाद.

पडताळायचं असेल तर क्रिकेटचे नियम इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. २०१७ च्या संहितेत नियम २१ नो-बॉलचा आहे; त्याचं शेवटचं कलम बघा. तिथून ३४, ३७ आणि ३८ या नियमांकडे बोट दाखवलेलं आहे. वाइडची यादी वेगळी, ती नियम २२ मध्ये. तिथे यष्टिचीत चालतं.